जुना प्रोग्रॅम, नवा संगणक आणि पाण्याखालचा हिशेब

विद्यार्थिमित्रांनो, जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर कसा चालवावा, हा प्रश्न आता शाळेशाळेत विचारला जातो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ला दिला जाणारा नेहमीचा पाठिंबा थांबविला, त्यामुळे तर तो अधिकच विचारला जाऊ लागला आहे. बहुतेक वेळा त्यात फारसे काही अडत नाही. एखादा खेळ चालला नाही तर दुसरा खेळावा. पण काही प्रोग्रॅम असे असतात की त्यांच्या उत्तरावर माणसाचा जीव टांगलेला असतो. पाणबुड्यांच्या बुडीचा आराखडा करणारा प्रोग्रॅम हा त्यांपैकी एक. किती खोल जावे, तेथे किती मिनिटे राहावे, वर येताना कोठे थांबावे, हे तो सांगतो. असे प्रोग्रॅम १९८० नंतरच्या दशकांत घरगुती संगणकांसाठी तयार झाले. त्यांतले काही जुने होऊन गेले, तरी त्यांच्यावर विश्वास असणारी माणसे ते नव्या यंत्रावर कसेबसे चालवू पाहतात.

तुम्ही म्हणाल, आम्ही नंदुरबार जिल्ह्यातले. आमच्याकडे पाणी म्हणजे प्रकाशाची तापी नाही तर सरदार सरोवराचा फुगवटा. आम्हांला पाणबुड्यांचे काय? मित्रांनो, कोकणात तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि तिकडे सहलीला जाणारी मुले आपल्या जिल्ह्यातलीही असतात. आणि दुसरे असे की, या हिशेबात समुद्रसपाटीपासूनची उंची फार महत्त्वाची असते. आपल्याकडे तर तोरणमाळ आहे! त्याकडे पुढे येतोच.

आधी तो प्रोग्रॅम काय मोजतो ते पाहू. गोटी सोड्याची बाटली तुम्ही पाहिली असेल. गोटी आत ढकलली की फस्सकन बुडबुडे वर येतात. बाटलीत दाब होता तोवर वायू पाण्यात विरघळून गुपचूप बसला होता. दाब उतरला, तो बाहेर पडू लागला. पाणबुड्याच्या शरीरात हेच होते, फक्त वायू नायट्रोजन असतो. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवर तो ४ वातावरण होतो. तितक्याच दाबाची हवा पाणबुड्याला श्वासात घ्यावी लागते, आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत जातो. सावकाश वर आले तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने आले तर माणसाची सोड्याची बाटली होते. सांधे दुखतात, हातपाय लुळे पडू शकतात, प्रसंगी प्राण जातो. पाणबुडे याला ‘बेंड्स’ म्हणतात. उपचार दाबकक्षात करावा लागतो आणि असे कक्ष गावोगावी नसतात. मुंबईस कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयापाशी नौदलाची वैद्यक संस्था आहे, तेथे या आजाराचा अभ्यास होतो. तारकर्लीपासून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर आहे, हे लक्षात घ्या.

या आजारावर पहिला पक्का हिशेब मांडला तो ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी. बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तो १९०८ साली प्रसिद्ध केला. प्रयोग केले होते बोकडांवर आणि शेळ्यांवर. हाल्डेन यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे पाडले. काही कप्पे नायट्रोजन चटकन घेतात, काही रेंगाळत घेतात. प्रत्येक कप्प्याला त्यांनी एक अर्धकाल दिला : ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटे. बारावीच्या भौतिकशास्त्रात किरणोत्सर्गी द्रव्याचा अर्धायुकाल येतो ना, तीच ही कल्पना. कप्प्यातला दाब आणि श्वासातल्या नायट्रोजनचा दाब यांत जो फरक असेल तो एका अर्धकालात निम्मा होतो, दोन अर्धकालांत पाव, तीन अर्धकालांत अष्टमांश. यापलीकडे त्या चकचकीत प्रोग्रॅमच्या पोटातही फार मोठे गूढ नाही.

एक उदाहरण हातानेच करू. ३० मीटरवर २० मिनिटे राहायचे आहे. हवेत नायट्रोजन ७९ टक्के धरू. पृष्ठभागावर शरीरात नायट्रोजनचा दाब ०.७९ वातावरण, खाली श्वासात तो ४ × ०.७९, म्हणजे ३.१६. फरक २.३७. पाच मिनिटांच्या कप्प्याला २० मिनिटांत चार अर्धकाल मिळाले, म्हणून फरक सोळाव्या हिश्शावर, सुमारे ०.१५ वर आला, कप्प्यात ३.०१ भरले. वीस मिनिटांच्या कप्प्यात निम्मा फरक भरला, म्हणजे ०.७९ अधिक १.१८, झाले १.९७. चाळीस मिनिटांच्या कप्प्यात १.४८. हाल्डेनचा नियम असा की, कप्प्यातला दाब बाहेरच्या दाबाच्या दुपटीच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. पृष्ठभागावरची दुप्पट म्हणजे नायट्रोजनच्या भाषेत १.५८. आपले ३.०१ त्याहून कितीतरी अधिक. तेव्हा सरळ वर यायचे नाही, ३.०१ ला १.५८ ने भागा, १.९ येते, म्हणजे बाहेरचा दाब १.९ वातावरण असेल तेथे, साधारण ९ मीटरवर, पहिला मुक्काम करायचा. एवढे गणित कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर होते.

आता गंमत पाहा. याच खोलीसाठी अमेरिकन नौदलाचे कोष्टक काय म्हणते? १०० फुटांवर, म्हणजे साडेतीस मीटरवर, २५ मिनिटे राहा आणि वाटेत न थांबता वर या. हौशी लोकांसाठी ‘पाडी’ या संस्थेने १९८८ साली काढलेले कोष्टक सांगते, २० मिनिटे. आणि हाल्डेनच्या नियमाने तर २० मिनिटांनंतरही थांबावेच लागते! कारण असे की, चटकन भरणारे कप्पे दुपटीहून अधिक दाब सोसतात असे पुढे दिसून आले. १९६५ साली अमेरिकन नौदलातल्या रॉबर्ट वर्कमन यांनी प्रत्येक कप्प्याला निराळी मर्यादा घालून दिली. शिवाय तरणेबांड नौसैनिक आणि सुटीत पोहायला आलेला चाळिशीचा गृहस्थ यांना एकच माप लावता येत नाही. म्हणजे पाणी तेच, खोली तीच, उत्तरे मात्र वेगळी. प्रोग्रॅमने ‘२५ मिनिटे’ असे उत्तर दिले तर ते कोणत्या नियमाने दिले, हे ठाऊक असल्याशिवाय त्या २५ ला काही अर्थ नाही. माझा सारा आग्रह येथून सुरू होतो.

आता जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर चढवू. जुने डॉसवरचे प्रोग्रॅम १६ बिटांचे होते. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ते चालविण्याची सोयच ठेवलेली नाही, आणि २०२१ साली आलेली ‘विंडोज ११’ तर केवळ ६४ बिटांचीच आहे. त्यामुळे जुना प्रोग्रॅम दारातच अडतो. कधी कारण मजेशीर असते. ‘टर्बो पास्कल’ या भाषेत लिहिलेले अनेक प्रोग्रॅम सुरू होताना यंत्राचा वेग मोजत. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ सहस्रांश सेकंदात, एक फेरा किती वेळा फिरतो ते मोजायचे आणि त्या संख्येला ५५ ने भागायचे. यंत्रे मंद होती तोवर ठीक चालले. पुढे यंत्रे इतकी वेगवान झाली की भागाकाराचे उत्तर १६ बिटांच्या जागेत मावेना! प्रोग्रॅम पहिली ओळ दाखविण्यापूर्वीच ‘रनटाइम एरर २००’ असे म्हणून कोलमडू लागला. नवे यंत्र चांगले होते हाच त्याचा दोष.

या अडचणींवर उपाय आहेत. ‘डॉसबॉक्स’सारखे प्रोग्रॅम नव्या संगणकाच्या आत जुन्या संगणकाचे सोंग उभे करतात, आणि आतल्या जुन्या प्रोग्रॅमला आपण १९९० सालीच आहोत असे वाटते. हे सोंग इतके बेमालूम असते की मला त्याचे फार कौतुक वाटते. जुने प्रोग्रॅम जतन करण्यासाठी, जुन्या बुड्यांच्या नोंदी वाचण्यासाठी ते जरूर वापरावे. खरे म्हणजे, मोठ्याने ओरडून बंद पडणाऱ्या प्रोग्रॅमची मला भीती वाटत नाही. तो कोणाला पाण्यात पाठवीत नाही. भीती वाटते ती निमूटपणे चालणाऱ्याची.

निमूट बिघाड कसा होतो ते पाहा. जुने विंडोज प्रोग्रॅम आपल्या निवडी, म्हणजे फूट की मीटर, खारे पाणी की गोडे, समुद्रसपाटीपासून उंची किती, या स्वतःच्याच फोल्डरमधील एका फाइलमध्ये लिहून ठेवीत. २००७ साली लोकांच्या हाती आलेल्या ‘विंडोज व्हिस्टा’पासून सुरक्षिततेसाठी तेथे लिहिण्यास सामान्य वापरकर्त्याला मज्जाव झाला. मग जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून एक युक्ती करण्यात आली : प्रोग्रॅमने तेथे लिहिले तर ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खासगी कोपऱ्यात ठेवायचे. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. परिणाम असा की, एकाच संगणकावर, एकाच प्रोग्रॅममध्ये, तुम्ही उंची भरून ठेवलीत. दुसऱ्या दिवशी तुमचा मित्र स्वतःच्या नावाने आत शिरला, तर त्याला ती दिसणारच नाही. त्याच्यापुढे मूळ निवडी उभ्या राहतील, आणि त्या बहुधा समुद्रसपाटीच्या व खाऱ्या पाण्याच्या असतात. पडद्यावर लाल अक्षर नाही, सूचना नाही. आकडे मात्र दोन.

त्या आकड्यांत फरक किती पडतो? येथे तोरणमाळ घेऊ. तोरणमाळच्या यशवंत तलावात कोणी बुडी मारावी असे मी सुचवीत नाही. गणितापुरता तो तलाव आपला. तो सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने ०.८७ वातावरण भरतो. समुद्रात दाब पृष्ठभागाच्या दुप्पट व्हायला १० मीटर खाली जावे लागते. तोरणमाळला ०.८७ ची दुप्पट व्हायला आणखी ०.८७ च हवा. गोडे पाणी किंचित हलके, त्यात एका वातावरणाला १०.३ मीटर लागतात. म्हणून ९ मीटरलाच दुप्पट दाब होतो. वर येताना शरीराला सोसायचा असतो तो दाबांचा हा पट. म्हणजे तोरणमाळचे ९ मीटर हे समुद्रातल्या १० मीटरांइतकेच समजले पाहिजेत. खोली वाढेल तसा हा फरकही वाढत जातो. पाणबुड्यांच्या नियमांत ३०० मीटरच्या वर गेले की उंचीचा वेगळा विचार करावा लागतो, तो याचसाठी. स्वित्झर्लंडच्या डॉ. बुलमन यांना डोंगरातल्या सरोवरांनीच या प्रश्नाकडे लक्ष द्यायला लावले आणि त्यांची कोष्टके उंचीचा हिशेब धरूनच तयार झाली.

उंचीची गोष्ट बुडी संपल्यावरही सुटत नाही. मालवणला समुद्रात बुडी मारून तासाभरात गाडी आंबोलीच्या घाटाला लागली, तर माणूस ६९० मीटर वर चढतो, म्हणजे आणखी दाब उतरतो. विमानाने जायचे असेल तर एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास थांबावे, अनेक बुड्या झाल्या असतील तर १८ तास, असा सल्ला दिला जातो. प्रोग्रॅम फक्त विमानाचे विचारतो. घाट त्याला माहीत नसतो. सहलीच्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

कोणी म्हणेल, जुना प्रोग्रॅम जुन्याच यंत्रावर चालविला तर काय बिघडते? तेव्हा तो बरोबरच असेल ना? तसेही नाही. एका नामांकित कंपनीने १९९० नंतरच्या दशकात मनगटावर बांधायचा एक पाणबुडी-गणक विकला होता. अधिक ऑक्सिजन व कमी नायट्रोजन असलेल्या मिश्रणावर बुडी मारणाऱ्यांसाठी तो होता. माणूस वर येऊन बोटीवर बसला की साधी हवा घेतो. पण तो गणक समजे की तो अजूनही मिश्रणच घेत आहे! समजा, ४० मिनिटांच्या कप्प्यात वर येताना १.५ वातावरण नायट्रोजन आहे आणि मिश्रणात नायट्रोजन ६४ टक्के होता. ८० मिनिटे, म्हणजे दोन अर्धकाल, विश्रांती झाली. खरा हिशेब : ०.७९ अधिक ०.७१ चा पाव भाग, म्हणजे ०.९७. गणकाचा हिशेब : ०.६४ अधिक ०.८६ चा पाव भाग, म्हणजे ०.८६. गणकाच्या मते माणूस खऱ्यापेक्षा रिकामा, म्हणून पुढच्या बुडीला तो अधिक वेळ देणार. २००३ साली ही यंत्रे परत मागविण्यात आली. लक्षात घ्या, ऑपरेटिंग सिस्टीम बदललेली नव्हती, यंत्र बंद पडत नव्हते, भागाकार अचूक होत होते. चूक होती ती भौतिकशास्त्रात, एका ओळीत.

‘हाच प्रोग्रॅम मी वीस वर्षे वापरतो, मला कधी काही झाले नाही,’ असेही अनुभवी माणसे सांगतात. त्यांचा अनुभव मी नाकारीत नाही. पण बेंड्स हा नाण्याच्या छाप्याकाट्यासारखा लगेच निकाल देणारा आजार नाही. मर्यादा ओलांडूनही माणूस पुष्कळदा धडधाकट वर येतो, आणि मर्यादेत राहूनही क्वचित आजारी पडतो. शिवाय बहुतेक बुड्या मर्यादेच्या पुष्कळ अलीकडेच संपतात. तेथे प्रोग्रॅम चुकीचा असला तरी चूक उघडी पडण्याची संधीच येत नाही. नवा म्हणून बरोबर, असे तर मी मुळीच म्हणणार नाही. परत मागविलेला तो गणकही एके काळी नवाच होता!

माझे मत असे की, ज्या प्रोग्रॅमचा नियम आणि ज्याचे स्थिरांक छापून उघड केलेले नाहीत, त्याच्या भरवशावर कोणी पाण्यात उतरू नये, मग तो कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर कितीही सुरळीत चालो. बुलमन यांनी १९८३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा प्रत्येक कप्प्याचा अर्धकाल आणि त्याची मर्यादा काढण्याची रीत सर्वांपुढे ठेवली. त्यामुळेच जगभर कितीतरी लोकांना त्यावरून प्रोग्रॅम लिहिता आले आणि एकमेकांचे तपासता आले. त्यांच्या पुढच्या सोळा कप्प्यांच्या पद्धतीत सर्वांत मंद कप्प्याचा अर्धकाल ६३५ मिनिटे आहे, म्हणजे साडेदहा तासांहून अधिक! लिनक्स निर्माण करणारे लिनस टॉरवाल्ड्स हे हौशी पाणबुडेही आहेत. त्यांनी २०११ साली ‘सबसरफेस’ हा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि त्याचा सारा मजकूर खुला ठेवला. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तर असा प्रोग्रॅम सोंगाढोंगाविना पुन्हा बांधता येतो, आणि शंका आली तर कोणालाही आत डोकावून ती ओळ वाचता येते. बंद पेटीतल्या प्रोग्रॅमचे तसे नाही. त्याचा मालक धंदा सोडून गेला की आतले गणितही गेले.

शिक्षक बंधुभगिनींना माझे एक सांगणे आहे. अर्धायुकाल शिकविताना आपण युरेनियमची कोट्यवधी वर्षे सांगतो आणि मुले ती परीक्षेपुरती लक्षात ठेवतात. त्याऐवजी एक तास हे पाणबुड्याचे गणित द्या. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेत संगणक नसला तरी चालेल, साधा कॅल्क्युलेटर पुरतो. जेथे संगणक आहे तेथे हिशेबपत्रक उघडा, वरच्या ओळीत पाच अर्धकाल लिहा, डाव्या बाजूस मिनिटे, आणि प्रत्येक घरात एकच सूत्र भरा. नव्या यंत्रावर चढविलेला कोणताही जुना प्रोग्रॅम तपासायचा तर तोही अशाच, उत्तर आधीच माहीत असलेल्या बुडीवर तपासावा : ३० मीटर, २० मिनिटे, एकदा समुद्रसपाटीला, एकदा ११५० मीटर उंचीला. दोन्ही वेळा तेच उत्तर आले तर उंचीचा रकाना आत पोहोचलेलाच नाही, असे समजावे.

हे हिशेबपत्रक पाण्यात उतरण्यासाठी नाही, हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आपण त्यात फुप्फुसांतील पाण्याची वाफ धरलेली नाही, माणसाचे वय, थंडी, श्रम काहीच धरलेले नाही. बुडी शिकायची ती प्रशिक्षित गुरूकडेच.

करून पाहण्यासाठी एक उदाहरण देतो. समुद्रात २० मीटरवर ४० मिनिटे राहिल्यावर हाल्डेनच्या २० मिनिटांच्या कप्प्यात किती नायट्रोजन भरेल, आणि मग पृष्ठभागावर ६० मिनिटे बसल्यावर त्यातला किती उरेल? पहिले उत्तर १.९८ आणि दुसरे ०.९४ वातावरण यायला हवे. त्यानंतर हेच गणित यशवंत तलावाच्या पाण्यासाठी करा. सुरुवातीचा नायट्रोजन ०.७९ नव्हे, ०.६९ धरावा लागेल.